यंत्राच्या तोंडाला पेढा

शिरोलीच्या चटणी-मसाल्याच्या कारखान्यात रूपाली कांबळेला सगळे 'तारीखवाली' म्हणत. कांदा-लसूण चटणीचं पाकीट भरलं, त्याचं तोंड चिकटलं आणि ते पट्ट्यावरून पुढं सरकलं, की त्याच्या पाठीवर तारीख, बॅच आणि किंमत छापणारं यंत्र तिच्या ताब्यात होतं. यंत्र म्हणजे स्टीलची एक पेटी, तिच्यातून निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला वीतभर लांबीचं डोकं. त्या डोक्यात शाईची केसाहून बारीक धार अखंड वाहत असते. पाकीट समोर आलं की धारेतले काही थेंब बाहेर उडतात आणि त्यांची अक्षरं होतात. उरलेली धार समोरच्या बारक्या भोकात शिरून परत पेटीत जाते. धार वाकडी झाली, भोकात शिरली नाही, की यंत्र आपलं आपण बंद पडतं. एवढं ध्यानात ठेवलं की बास, असं रूपाली नव्या बायकांना सांगायची. तिला स्वतःला हे कुणी शिकवलं, ते मात्र कधी सांगितलं नाही.

तिच्या नवऱ्यानं शिकवलं होतं. जयसिंगनं.

जयसिंग हातकणंगल्यात राहायचा आणि साखर कारखान्यापासून बिस्किटांच्या फॅक्टरीपर्यंत सगळीकडची अशी यंत्रं दुरुस्त करायचा. बिघडलेली डोकी तो घरी आणी. स्वयंपाकघरात फरशीवर परात मांडायची, परातीत वाट्या, वाट्यांत वासानं डोकं चढवणारं, शाई विरघळवणारं सॉल्व्हंट, आणि त्यात तो चिमट्यानं एकेक बारीक भाग सोडायचा. बॅटरी रूपालीनं धरायची. उजेड हलला की चपराक. चिमटा मागितला आणि ब्रश हातात आला, की चपराक. नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारकं तोंड, चोंदलं तर आधी काय करायचं आणि मागनं काय, हे रूपालीच्या डाव्या कानाला पाठ होतं. एकदा नोझलमधून वारा जातो का ते बघायला तिनं तोंडानं फुंकर मारली. थुंकी उडाली म्हणून त्यानं तिच्या मानेला धरून तिचं तोंड परातीच्या काठावर आपटलं. वरचा पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून ती ओठ मिटून हसते. लोकांना वाटतं, बाई शालीन आहे.

दात गेला तरी ती निघाली नव्हती. चौथीतल्या पोरीच्या हातात जयसिंगनं बॅटरी दिली, तेव्हा ती निघाली. त्या संध्याकाळी रूपालीला ताप होता आणि ती भिंतीला टेकून बसली होती. प्रियदर्शनी दोन्ही हातांनी बॅटरी धरून उभी होती, आणि उजेड हलू नये म्हणून तिनं श्वाससुद्धा धरून ठेवला होता. पोरीचे फुगलेले गाल रूपालीनं बघितले. दुसऱ्या दिवशी जयसिंग कामाला गेल्यावर तिनं पोरीला घेतलं आणि घर सोडलं. माहेरी सांगितलं, पुण्याला जातेय. पुण्याची गाडी धरलीच नाही. कोल्हापुरात उतरली आणि उचगावात एक खोली घेतली. आईलासुद्धा खरं कळवलं नाही, कारण जयसिंगनं दंडाला धरून विचारलं असतं तर आईनं सांगून टाकलं असतं. आधी मिरचीच्या विभागात देठ खुडले, मग पाकिटं भरली, आणि तारखेचं यंत्र आलं तेव्हा, "मला जमंल," असं म्हणून पुढं झाली. यंत्राची देखभाल पुण्याहून येणारी कंपनीची माणसं करायची. दोन दिवाळ्या गेल्या. जयसिंगला तिचा पत्ता लागला नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला आणि यंत्र सुरू होईना.

धार सुटायची, थरथरायची आणि भोकाच्या बाजूला जाऊन पडायची. यंत्र लाल दिवा लावून बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. तोवर पट्ट्यावर बिनतारखेच्या पाकिटांचा ढीग साचला. बाहेर दिवाळीच्या मालासाठी दोन ट्रक उभे होते आणि एका ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला होता तो काढतच नव्हता.

सुपरवायझर सयाजीराव पळत आला. हा माणूस मनानं वाईट नव्हता, पण त्याचा राग आधी हातात उतरायचा. त्यानं यंत्राच्या पेटीवर दोन गुद्दे घातले.

"त्याला मारून काय हुनार हाय?" रूपाली म्हणाली.

"मग कुनाला मारू? तुला मारू?"

तिची मान आपोआप खांद्यात गेली. सयाजीरावाला ते दिसलं नाही. रूपालीनं यंत्राच्या डोक्यावरचं झाकण काढलं, आणि आतलं बघून तिला समजेना की रडावं का हसावं. आत हळद होती. कुंकू होतं. झेंडूची एक पाकळी वाळून चिकटली होती.

खंडेनवमीला कारखान्यातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते. रूपाली त्या दिवशी दुपारीच आपल्या यंत्रावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून, वरून सुतळी बांधून घरी जायची. दसऱ्याला पोरीला पांढरा ड्रेस घालून विहारात न्यायचं असायचं, त्याची धांदल. तिच्या पिशवीला कुणी हात लावत नव्हतं. यंदा केरबानं लावला होता. केरबा पाकीट चिकटवायच्या यंत्रावर होता, कपाळाला रोज बुक्का लावणारा साधा माणूस.

"समद्या मशिनी नटल्या आन् ही एकटीच कफन घालून हुबी," केरबा पुटपुटला. "बरं दिसंना मला. म्हनून जरा कुंकू लावलं."

"जरा?" सयाजीरावानं रिकाम्या पाकिटांचं बंडल उचललं आणि सरळ त्याच्या तोंडावर हाणलं. कडक प्लॅस्टिकच्या कडेनं केरबाचा ओठ फाटला. सयाजीरावानं कॉलर धरून त्याला भिंतीला लावलं. "भाड्या, सणाचा माल अडलाय आन् तू मशिनीची वटी भरतूस व्हय रं?"

पट्ट्यावरच्या बायका बघत राहिल्या. त्यांतली सगळ्यांत जुनी बयाबाई म्हणाली, "सोड त्याला, सयाजी. त्यानं काय शेन लावलं न्हाय. कुंकूच लावलंय."

सयाजीरावानं कॉलर सोडली, खिशातून मोबाइल काढला आणि बाजूला जाऊन बोलला. परत आला तेव्हा जरा निवळला होता.

"पुन्याची मानसं परवापातूर येत न्हाईत. पन हातकणंगल्याचा एकजन हाय म्हनं. ह्याच मशिनींचं करतो. जयसिंग म्हनून. निघाला बी गाडीवरनं."

रूपालीनं दाराकडं बघितलं. हातकणंगल्याहून शिरोली. अर्ध्या तासाचा रस्ता, आणि जयसिंग गाडी जोरात हाणतो.

"सयाजीदादा, माझ्या पोटात लई दुखाय लागलंय. घरी जातो मी."

"आज मेलीस तरी गेटाभायेर जायाचं न्हाय. तो आला की त्याला काय काय केलं ते सांगाय कोन पायजे?"

"आन् त्याच्याआधी चालू झालं तर?"

"तर फोन करून परत लावतो की. मला काय हौस हाय त्याला पैसे द्यायची?"

रूपालीनं पदर खोचला. आता तिला एवढंच करायचं होतं, की जयसिंग त्या दारातून आत यायच्या आधी शाईची धार भोकात गेली पाहिजे.

तिनं सॉल्व्हंटची पिचकारी घेतली आणि डोकं धुतलं. हळद गेली, कुंकू लाल ओघळ होऊन खालच्या वाटीत उतरलं. हवेच्या नळीच्या वाऱ्यानं वाळवलं, पुसलं, धार सोडली. धार वाकडी. पुन्हा धुतलं. हात काम करत होते आणि प्रत्येक गोष्टीला डावा कान आधीच तापत होता. इथं ब्रश आडवा नको, उभा. चपराक. इथं जोर नको. चपराक. तारेनं टोचायचं नाही, नोझलचं भोक मोठं होतं. त्याला तर चपराक नव्हती, त्याला पाठीत लाथ होती. ती कुणाचाही चेहरा न बघता काम करत होती, आणि तरी जयसिंग तिच्या पाठीमागे गुडघे मोडून बसलाय असं तिला वाटत होतं. दोनदा तिनं मागं वळून बघितलं.

तिसऱ्यांदाही धार वाकडीच पडली. तिनं नोझल काढून हातावर घेतलं. मुगाच्या दाण्याएवढा भाग. उजेडाकडं धरलं. तोंडाशी काहीतरी पिवळट अडकलं होतं, सॉल्व्हंटात कितीही बुडवलं तरी ते जागचं हलत नव्हतं. तिनं ते नाकाशी नेलं. सॉल्व्हंटच्या उग्र वासाखाली दुसराच एक वास होता. वेलदोड्याचा.

"केरबा, इकडं ये. खरं सांग. कुंकवाबरोबर आनिक काय लावलंस?"

केरबानं हातातला मोठा पाना पट्ट्याच्या कडेला ठेवला, फाटक्या ओठावर रुमाल दाबला आणि सयाजीरावाकडं बघितलं.

"त्यो न्हाय मारत. सांग."

"शाई जितनं येती ते तिचं तोंड," केरबा हळूच म्हणाला. "तोंडाला पेढा लावला एवढासा. समद्या मशिनींना लावलाय की."

"समद्यांची तोंडं एवढुशी नसत्यात रं बाबा."

बयाबाई खुदकन हसली. रूपाली हसली नाही. तिला समजलं होतं काय करायचं ते. पेढा म्हणजे खवा आणि साखर. पेढ्याची परात कुणी रॉकेलनं घासत नाही. साखर गरम पाण्यानंच सुटते. पण यंत्राला पाणी लावायचं नाही, पाण्याचा थेंब गेला की शाईचा चिखल होतो, हे तिला कळलं होतं ते कसं? परातीशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला म्हणून जयसिंगनं तोच तांब्या तिच्या पाठीवर पाच-सहा वेळा घातला होता. पितळी तांब्या होता. पोचा आला होता तांब्याला.

"बयामावशी, चहाच्या किटलीतलं गरम पानी द्या वाटीभर."

पाण्यात नोझल सोडताना तिचे डोळे मिटले गेले. पाठ ताठ झाली. कुणी मारलं नाही. ती वाटी हळूहळू हलवत राहिली. थोड्या वेळानं पाण्यावर तुपाचा एक तवंग आला आणि खाली दुधी गढूळपणा उतरला. तिनं दुसरं पाणी घेतलं. मग नोझल काढलं, सॉल्व्हंटानं तीन-चारदा धुतलं, वाऱ्यानं पार वाळवलं, पुन्हा धुतलं, पुन्हा वाळवलं. बसवलं. स्क्रू आवळला.

धार सुटली. सरळ. समोरच्या भोकात अशी शिरली, की जणू ती हलत नव्हतीच.

पहिल्या पाकिटावर आकडे फुटले. दुसऱ्यावर जुळले. तिसऱ्यावर तारीख कोरल्यासारखी उमटली आणि बायकांनी ओरडून पट्ट्याच्या कडेवर हात बडवले.

"फोन लावा," रूपाली म्हणाली. "परत लावा त्याला. आत्ता लावा."

सयाजीरावानं फोन लावला. शटरच्या बाहेर घंटी वाजली.

जयसिंग आत आला तो हसत. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्याला हत्यारांची बॅग. बाहेर जयसिंग असाच असायचा, लोक त्याला चहा विचारायचे. रूपाली यंत्राच्या पेटीआड सरकली होती.

"झालं की चालू, पावनं," सयाजीराव हात जोडून म्हणाला. "उगं हेलपाटा झाला तुमचा. आमच्या रूपालीनंच केलं. ये की गं फुडं, लाजतीस काय?"

त्यानं कौतुकानंच तिच्या दंडाला धरून तिला पुढं ओढलं.

जयसिंगचं हसू तसंच राहिलं. तो यंत्रापाशी गेला, झाकण उघडून धार बघितली, वाटीतलं गढूळ पाणी बघितलं. वाटी उचलून हुंगली.

"पाणी घातलंस," तो म्हणाला.

आणि उलट्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. पट्ट्याचा, मोटारींचा आवाज इतका होता की ते मारणं ऐकूच आलं नाही. रूपाली पेटीवर आदळली. त्यानं अंबाडा धरून तिला उभं केलं. तिच्या तोंडातून रक्त आलं आणि हनुवटीवरून खाली उतरलं.

"ओ पावनं! ओ, हे काय?" सयाजीराव धावला. केरबाही धावला.

"बायको हाय माझी," जयसिंग शांतपणे म्हणाला. "दोन वर्सं पोरगी घिऊन पळालीया. शोधून शोधून मेलो."

सयाजीराव थांबला. जो माणूस थोड्या वेळापूर्वी पाकिटांसाठी केरबाला भिंतीला लावत होता, तो आता आपल्या मोबाइलकडं बघायला लागला. केरबाचा पुढं आलेला हात खाली गेला.

"मग... घरचं घरी मिटवा की," सयाजीराव म्हणाला. "हितं नको."

"घरीच चाललोय."

जयसिंगनं तिला केसांना धरून शटरकडं ओढलं. रूपालीनं पट्ट्याची लोखंडी कड दोन्ही हातांनी धरली. त्यानं तिच्या बोटांवर गुद्दा घातला. तिनं कड सोडली नाही. पाकिटं तिच्या हातांवरून जात होती, तारीख छापलेली, एकामागून एक. त्यानं पुन्हा गुद्दा घातला. "पोरगी कुटं हाय? कुठल्या शाळंत घातलीयास? सांग! आधी तिला घितो, मग तुला बघतो."

बयाबाई उठली. ती जयसिंगकडं गेली नाही. ती भिंतीकडं गेली आणि तिनं मोठं लाल बटण तळव्यानं दाबलं.

पट्टा थांबला. मोटारी थांबल्या. कारखाना एकदम मुका झाला, आणि त्या शांततेत जयसिंगनं मारलेली पुढची चपराक साऱ्या शेडभर वाजली.

जयसिंगनंही ती ऐकली. त्यानं मान वर करून बघितलं. मिरचीनं लाल झालेले हात घेऊन सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच तो असा दिसत होता, मारता मारता सापडलेला. त्याची केसांवरची पकड ढिली झाली आणि तोल सावरायला त्यानं उजवा हात पट्ट्याच्या कडेवर टेकला.

केरबाचा मोठा पाना तिथंच पडला होता. रूपालीनं तो उचलला आणि त्या हातावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट आला. जयसिंग किंचाळला आणि गुडघ्यावर आला. तिनं दुसऱ्यांदा मारलं, खांद्यावर. तिसऱ्यांदा पाठीत. तो आडवा झाला, हात पोटाशी घेऊन लोळला, आणि ती मारत राहिली. भाकरीच्या पिठाला बुक्क्या घालाव्यात तसं एका लयीत ती मारत होती, आणि ते थांबवावं असं तिला वाटतच नव्हतं. पाना डोक्याकडं वळला तेव्हा बयाबाईनं मागून तिला मिठी मारली.

"बास, बाई. बास. मरंल त्यो. पोरीला कोन मग?"

पोरगी म्हटल्यावर हात थांबला. दोघी-तिघींनी मिळून तिच्या मुठीतून पाना सोडवला.

जयसिंग फरशीवर ओकला. त्याचा हात मनगटाच्या पुढं भलत्याच बाजूला वळला होता आणि फुगायला लागला होता. कुणीतरी रिक्षा आणायला पळालं. सयाजीराव डोकं धरून फेऱ्या मारत होता. पोलीस आले तर कारखान्याला टाळं, मालक त्याला उभा सोलणार. अचानक तो थांबला.

"पट्ट्यात सापडला हात. असं सांगायचं. दुरुस्ती करताना पट्ट्यात सापडला. काय पावनं?"

सगळ्यांना वाटलं, जयसिंग आता शिव्यांचा पट्टा सोडणार. त्यानं डोळे उघडले, आजूबाजूच्या बायकांकडं बघितलं आणि डोळे मिटले.

"व्हय," तो कण्हत म्हणाला. "पट्ट्यात सापडला."

बायकोनं मारलं, हे त्याला सांगवत नव्हतं. रूपालीनं ते ऐकलं. पट्ट्यात सापडला असेल, तर तिच्यावर केस नाही. तिची नोकरीही राहील. सयाजीराव तिच्याकडं आशेनं बघत होता. "ऐकलंस न्हवं? पट्ट्यात. तोंड धू आणि मशीन लाव चालू."

रिक्षा आली. जयसिंगला उचलून नेलं. जाताना त्यानं मान वळवून रूपालीकडं बघितलं. त्या बघण्यात कुठलीही भीती नव्हती, हिशेब होता. हाड जुळायला वेळ लागतो, पण जुळतं.

रूपालीनं तोंडातलं रक्त पाण्याच्या चुळीनं धुतलं. सुजलेल्या बोटांनी केस बांधायला गेली, बोटं वळेनात. बयाबाईनं बांधून दिले.

"बयामावशी, माझ्यासंगं चौकीवर येता?"

"येडी हैस काय?" सयाजीराव ओरडला. "त्यो स्वता पट्टा म्हनतोय आन् तू आपन हून बेड्या घालून घेतीस?"

"पट्ट्यात सापडला म्हनलं, की मला कुनी मारलंच न्हाय असं झालं," रूपाली म्हणाली. "मग त्यो बरा झाला, की पोरीच्या शाळंत जाईल. बाप म्हनून जाईल. त्याला कोन अडवनार? तुमी?"

सयाजीरावानं गेटाकडं बघितलं.

"गेटाभायेर पाय टाकलास तर उद्या कामावर घेतीलच असं न्हाय," तो शेवटी म्हणाला. धमकी देण्याइतका जोर त्याच्या आवाजात नव्हता.

"नगा घिऊ."

चौकी हायवेच्या कडेला होती. दोघी चालत गेल्या. रूपालीच्या साडीवर रक्त होतं, थोडं तिचं आणि थोडं त्याचं. टेबलामागच्या हवालदारानं तिच्याकडं बघून आधी खुर्ची दिली आणि मग पाणी.

"आज काय झालं तेवढंच सांगा, बाई. थोडक्यात."

"थोडक्यात, मी नवऱ्याचा हात मोडला," रूपाली म्हणाली. हवालदाराचं पेन तिथंच थांबलं. "पन तेवढंच लिवून भागायचं न्हाय, साहेब. लग्न झालं त्या सालापास्नं सांगतो. लिवा."